आठ रविवार आणि तीन कॅन

पुंडलिक हिवराळे पोस्टातून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि तेवढ्या काळात मुलीसाठी आलेली अकरा स्थळं त्यांच्या पडेगावच्या घरातून पोहे खाऊन परत गेली होती. पोह्यांत काही खोट नव्हती. खोट होती अंगणात. तिथं रूपालीची जीप उभी असायची.

रूपाली तीस वर्षांची. जमीन मोजणाऱ्या एका खाजगी कंपनीत नोकरीला होती. सहा दिवस लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायची आणि सातव्या दिवशी लिलावात घेतलेली ती जुनी जीप घेऊन, जिथं हद्द तर सोडाच पण रस्तासुद्धा नाही अशा ठिकाणी जायची. दौलताबादच्या पलीकडचे डोंगर, कन्नडकडची रानं, कोरडे ओढे. संध्याकाळी परत आली की आधी जीप धुवायची, मग स्वतः आंघोळ करायची. येणारी मुलं विचारायची, "लग्नानंतर हे बंद कराल ना?" ती म्हणायची, "नाय." तिथंच बोलणं संपायचं.

बारावं स्थळ आलं जानेवारीत, एका रविवारी. मुलगा सम्यक खरात. वाळूजला प्लास्टिकचे कॅन बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचा. सोबत त्याची आई चंपाबाई. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. चंपाबाईंनी भाकरी येते का विचारलं, रूपालीनं येते म्हणून सांगितलं. पुंडलिकरावांना वाटलं, सुरुवात तर बरी झाली. पण सम्यकचं लक्षच नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग पोह्यांची बशी हातात घेऊनच तो उठला आणि अंगणात गेला.

"झालं," पुंडलिकराव बायकोला, रत्नमालाबाईंना, हळूच म्हणाले. "जीप दिसली त्याला."

पण सम्यक जीपकडे बघत नव्हता. जीपच्या मागं दोरीनं बांधलेल्या एका डब्याकडे बघत होता. गोडेतेलाचा पंधरा लिटरचा प्लास्टिकचा डबा, झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा लावलेला.

"यात काय आहे?" त्यानं विचारलं.

"पेट्रोल," रूपाली मागून येत म्हणाली. "डोंगरात पंप नसतात."

सम्यकनं बशी बोनेटवर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "हा डबा तेलासाठी बनलेला आहे. पेट्रोलनं याचा पत्रा… म्हणजे प्लास्टिक, मऊ पडतं. झाकणातून वाफ बाहेर येते. मागं सायलेन्सर तापलेला. एक दिवस भडका उडेल तुमचा."

"तीन वर्षं वापरतेय."

"म्हणजे तीन वर्षं नशिबावर चाललंय."

आजवर कुणा मुलानं रूपालीला पहिल्या भेटीत असं तोंडावर सुनावलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग कुठला कॅन चांगला, ते सांगा की. नुसतं भडका उडेल म्हणायला काय जातं?"

"असं तोंडी नाही सांगता येत. तपासावं लागतं."

"तपासा मग!"

आवाज घरापर्यंत आला. चंपाबाईंनी पदर सावरला आणि दारात काढलेल्या चपला पायानंच चाचपायला लागल्या. "भाऊ, येतो आम्ही," त्या म्हणाल्या. "पोरगं जरा सरळ बोलतंय, राग धरू नका." पुंडलिकरावांनी मनातल्या मनात बाराव्या स्थळावर काट मारली आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. स्कूटरला किक मारता मारता सम्यक म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी येतो. तीन कॅन घेऊन."

तो खरंच आला. स्कूटरला दोन्हीकडे कॅन लटकवलेले आणि तिसरा पायाशी. एक पांढरा, त्याच्याच कारखान्यातला. दुसरा लाल, जाड भिंतीचा, ओतायला लवचिक नळी असलेला. तिसरा वीस लिटरचा लोखंडी, खटक्याच्या झाकणाचा. तिन्ही पाण्यानं भरून गच्चीवर नेण्यात आले. जीप खड्ड्यात आदळते तेव्हा कॅनला जसा मार बसतो, तसा मार वरून खाली टाकून द्यायचा, असं सम्यक म्हणाला. पुंडलिकरावांना खाली उभं केलं, कुणी येतं-जातं का बघायला.

लोखंडी पडला, धप्पकन. कोपऱ्याला पोचा आला, पण थेंब सांडला नाही. लाल पडला, चेंडूसारखा उसळला आणि कुंडी फोडून थांबला. नेमके त्याच वेळी शेजारचे किराणा दुकानवाले नानासाहेब, हा धडाडधुडूम आवाज कसला म्हणून भिंतीवरून डोकावले. पुंडलिकराव "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पांढरा वरून निघाला होता. तो भिंतीशेजारी आपटला, बाजूच्या शिवणीवर टरकन उकलला, आणि वीस लिटर पाणी नानासाहेबांच्या धुवट शर्टावर गेलं.

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसायला कोरडी जागा शोधली, ती नव्हती.

गच्चीच्या कठड्यावरून सम्यकनं वाकून बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाला, "हा आमच्या कंपनीचा होता. मी आधीच सांगत होतो त्यांना, शिवण कच्ची आहे म्हणून."

त्यावर रूपाली हसली. पुंडलिकरावांनी बारा स्थळांत पहिल्यांदा तिला कुणा मुलापुढं असं पोट धरून हसताना बघितलं. मात्र त्यांना स्वतःला कळेना, स्वतःच्या कारखान्याला नावं ठेवणारं पोरगं प्रामाणिक म्हणायचं का येडं.

"आता पेट्रोल भरून ठेवू," सम्यक म्हणाला. "पाण्यानं फक्त मार कळतो. पेट्रोलनं झाकणातला रबरी वायसर फुगतो, झाकण ढिलं होतं, वजन घटतं. आठ दिवस लागतील."

वजनासाठी काटा हवा होता. तो नानासाहेबांच्याच दुकानात होता. पुंडलिकराव कोरडा टॉवेल आणि पाव किलो पेढे घेऊन तो मागायला गेले. पोस्टात तीस वर्षं पार्सलं तोलली होती, पण काटा मागायला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

जीपच्या टाकीतून पेट्रोल काढलं. भरताना कॅन जमिनीवरच ठेवायचा, गाडीत ठेवून भरायचा नाही, ठिणगी पडते. काठोकाठ भरायचा नाही, उन्हानं पेट्रोल फुगतं. सम्यक एकेक सांगत होता आणि रूपाली मोजणीच्या वहीत लिहून घेत होती. दोन्ही कॅन अंगणाच्या कोपऱ्यात, शेडखाली ठेवले. त्या क्षणापासून घराचे कायदे बदलले. रत्नमालाबाईंनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायचं बंद करून नुसती फुलं वाहायला सुरुवात केली. पुंडलिकरावांना रोजच्या दोन बिड्यांसाठी थेट दौलताबादच्या रस्त्यापर्यंत चालत जावं लागायला लागलं.

"अहो, चालणं होतंय, बरंच आहे की," रत्नमालाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी वजन केलं. लोखंडीचं होतं तेवढंच. लालचं थोडं घटलेलं. झाकणाचा वायसर फुगून वेडावाकडा झाला होता. "वायसर बदलून बघू," सम्यक म्हणाला. म्हणजे आणखी आठ दिवस. रूपाली त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली आणि दोघं फाटकाशीच पाऊण तास उभे राहिले. पुंडलिकराव आतून बघत होते. तिचे हात सारखे हलत होते. वायसरबद्दल भांडतायत, असं त्यांना वाटलं.

चौथ्या रविवारी नवा वायसर टिकला. पाचव्या रविवारी कॅन दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवून फुगतात किती ते सुतानं मोजलं. सहाव्या रविवारी उलटे टांगले. सातव्या रविवारी तपासायला काही उरलंच नव्हतं, तरी सम्यक आला, लोखंडी कॅनला आतून गंज धरतो का हे विजेरीनं बघितलं आणि मटणाचं जेवण जेवून गेला. त्या दिवशी रूपाली त्याला "अरे, तुला काय कळतं रे!" असं म्हणाली. पुंडलिकराव दचकले. परक्या माणसाला अरेतुरे! आता हे स्थळ हातचं गेलं, असंच त्यांना वाटलं.

इकडे गल्लीत लोक विचारायला लागले होते. "काय पोस्टमास्तर, जमलं का?"

"तपासणी चालू आहे," पुंडलिकराव सांगायचे.

शेवटी चंपाबाईंचा फोन आला. "भाऊ, आमचं पोरगं दर रविवारी सकाळी दाढी करतंय, पांढरा शर्ट घालतंय अन् रात्री पेट्रोलच्या वासाचं घरी येतंय. विचारलं तर म्हणतंय, अजून निकाल लागायचाय. व्हय का नाय, कायतरी एक सांगा आम्हाला."

पुंडलिकरावांनी ठरवलं, आता ताणायचं नाही. आठव्या रविवारी रूपालीनं सांगितलं की कॅन डोंगरात नेल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही, तेव्हा ते म्हणाले, "मी बी येतो."

जीप दौलताबाद मागं टाकून डोंगराच्या वाटेला लागली. वाट म्हणजे नुसते दगड. पुढं रूपाली आणि सम्यक, मागं पुंडलिकराव, आणि त्यांच्या मागं पट्ट्यांनी आवळलेले दोन कॅन. पहिल्या अर्ध्या तासात पुंडलिकरावांच्या पाठीच्या मणक्यांनी जागा बदलल्या. सम्यकनं खिडकीची दांडी घट्ट धरली होती. दोन वेळा त्यानं हात वर करून जीप थांबवायला लावली, खाली उतरला, झुडपामागं गेला आणि तोंड पुसत परत आला. रूपालीनं त्याला लिंबू दिलं. आधीच चिरून पिशवीत आणलेलं होतं. पुंडलिकरावांनी ते बघितलं, पण तेव्हा त्यांना स्वतःलाच लिंबू हवं होतं.

एका चढावर जीप उडाली आणि मागं खाडकन आवाज झाला. लोखंडी कॅनचा पट्टा तुटला होता. कॅन उतारावरून ठणठणत, गडगडत खाली गेला. खाली मेंढरं चरत होती. ती चहूकडे पांगली. कुत्रं भुंकायला लागलं. मग थोड्या वेळानं खालून एक फेटेवाला म्हातारा कॅन खांद्यावर घेऊन वर चढत आला.

"कुणाचं हाय हे?" कडूबा नाव त्याचं. डोंगराखालच्या वस्तीवरचा मेंढपाळ. "माझ्या मेंढरातनं गेलं. एक कोकरू थोडक्यात वाचलं. लई जड हाय. दूध हाय का ह्यात?"

"पेट्रोल," रूपाली म्हणाली आणि कॅन हातात घेऊन सगळीकडून फिरवला. चार नवे पोचे. झाकण कोरडं. "बघ! एक थेंब नाय. मी म्हणत होते ना, लोखंडी."

"पट्टा कशानं तुटला? वजनानं," सम्यक म्हणाला. त्याला आता जरा हुशारी आली होती. "रिकामाच किती जड आहे तो! लाल असता तर पट्टा टिकला असता. आणि दगडावर घासून ठिणगी उडाली असती म्हणजे?"

"उडाली का?"

"उडाली असती."

"वायसर कुणाचा फुगला?"

"तो बदलला की!"

डोंगराच्या मध्यावर, उन्हात, दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड देऊन उभे राहिले. कडूबा मेंढरं विसरून दगडावर बसला आणि ऐकायला लागला. पुंडलिकरावांची पाठ ठणकत होती, आणि आठ रविवारांचं सगळं एकदम त्यांच्या तोंडात आलं.

"लोखंडी घ्या, लाल घ्या, नाय तर मातीचा घ्या!" ते ओरडले. "डबा गेला खड्ड्यात! तुमच्या दोघांचं काय ते आज, इथंच सांगा. लग्न करायचंय का नाय?"

कडूबा दगडावरून अर्धा उठला.

रूपालीनं सम्यककडे बघितलं, मग बापाकडे. "बाबा, आमचं तिसऱ्याच रविवारी ठरलंय की. फाटकाशी."

पुंडलिकराव दगडावर टेकले. "तिसऱ्या? मग हे पाच रविवार काय चाललं होतं?"

"कॅनचं ठरत नव्हतं," सम्यक म्हणाला. अगदी खरं सांगितल्यासारखं म्हणाला. "ते एकदा ठरलं की दोन्ही सांगू, असं म्हणत होतो."

"अन् मी रोज रस्त्यापर्यंत चालत जातोय बिडी ओढायला!"

कडूबाला हसू आवरेना. हसता हसता त्याला ठसका लागला. मग त्यानं झाडाखालच्या आपल्या पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, चौघांत वाटला आणि म्हणाला, "पोरीचं ठरलं म्हणल्यावर तोंड गोड करायला पाह्यजे. आज तिखटच हाय, गोड माना." सम्यकनं मेंढपाळाच्या हातची सबंध अर्धी भाकरी खाल्ली आणि त्याला काही झालं नाही.

रेंज मिळायला पुंडलिकरावांना टेकडीवर चढावं लागलं. चंपाबाईंना आधी कळवलं. त्या फोनवरच रडल्या, आणि लगेच म्हणाल्या की जेवणाचा खर्च निम्मा निम्मा. मग पुंडलिकरावांनी घरी फोन लावला.

"जमलं!" ते ओरडले.

"कुठला?" रत्नमालाबाईंनी विचारलं. "लोखंडी का लाल?"

एप्रिलमध्ये पडेगावच्या विहारात लग्न झालं. नानासाहेब पहिल्या रांगेत बसले होते, नवा शर्ट घालून. नंतर आठ दिवसांनी दोघं जीप घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडे निघाले, तेव्हा मागं लोखंडी कॅन दोन पट्ट्यांनी बांधलेला होता. सम्यक हरला, असं रूपाली सगळ्यांना सांगत होती. सम्यक म्हणत होता की अजून पावसाळ्यातली तपासणी बाकी आहे. पुंडलिकरावांनी जीप वळणाआड जाईपर्यंत हात हलवला आणि घरात येऊन खाटेवर उताणे पडले. रविवार होता, आणि त्यांना कुठंही जायचं नव्हतं.