उघाडीपलीकडचा ट्रॅक

नायगावच्या खाडीवर पालिकेने चालायचा ट्रॅक बांधला आणि तो उघाडीपाशी आणून अर्धवट टाकला. उघाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेली जुनी दारं. तिथपर्यंत लाल-पिवळे ब्लॉक, बसायला बाकडी, सायकलवाल्यांना वेगळा पट्टा, सगळा थाटमाट. आणि दारं ओलांडली की थेट चिखल. सकाळी फिरायला येणारी टॉवरमधली मंडळी तिथवर यायची, खाडीकडे तोंड करून उगाच हात हवेत फिरवायची आणि आल्या वाटेने परत जायची.

शकूला याचा मनस्वी संताप होता. तिला फिरण्याबिरण्याचं काही कौतुक नव्हतं. "सगला जनम भाताचे भारे डोक्यावर घेऊन चालले, आता आनि चालायची कसली हौस?" असं ती टॉवरवाल्या बायकांना तोंडावर सांगायची. तिचा राग वेगळा होता. त्या चिखलाच्या पलीकडच्या टोकाला आल्बिनाचं घर होतं.

शकू आणि आल्बिना म्हणजे काय सांगावं! एकीची चूल गणपतीसमोर, दुसरीची क्रुसासमोर, पण पोरपणी दोघींनी एकाच बांधावर भात लावला, एकाच उघाडीवर बसून चिंचा खाल्ल्या, आणि भांडल्या तर इतक्या, की ऐकणाऱ्याला वाटावं आता या जन्मात बोलायच्या नाहीत. संध्याकाळी पुन्हा एकत्र. तेव्हा बांध धडधाकट होता. दरवर्षी पावसाआधी घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन बांधावर उभा राहायचाच. मग शेती सुटली, टॉवर आले, बांधाला कोणी वाली उरला नाही, आणि एका मोठ्या भरतीत तो उघाडीच्या पुढे फुटला तो फुटलाच.

आता बांधावरून गेलं तर हाकेच्या अंतरावर असलेलं आल्बिनाचं ते गाव रस्त्याने जायचं तर रेल्वेचा जिना चढून पुलावरून पलीकडे, आणि मग दोन रिक्षा. आल्बिनाचे गुडघे असे, की सपाटीवर बाई तुरुतुरु चालेल, पण जिना दिसला की देवाचा धावा सुरू. आणि शकू? शकूला रिक्षात बसलं की मळमळायचं. गेल्या सणाला ती गेली होती, तर आल्बिनाच्या दारात पोचल्यावर पहिलं काय केलं असेल तर केळीच्या बुंध्याशी जाऊन ओकली. आल्बिनाचा मुलगा कुवेतला, घरात ती आणि तिच्या कोंबड्या. फोनवर ती म्हणायची, "शकू गो, मानूस बघून किती दिस झाले. कोंबड्यांशी बोलते मी. त्या पन आता उठून जातात." शकू हसायची, फोन ठेवायची आणि मग सुपातले निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची. आपण दोघी अशाच, एकमेकींच्या घरांचे दिवे बघत मरून जाणार, ही भीती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आणि अशात टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी रमेश सावर्डेकर बातमी घेऊन आले. ट्रॅक पुढे पलीकडच्या गावापर्यंत न्यायचा की नाही हे ठरवायला ठाण्याहून खासनीस नावाचे साहेब रविवारी सकाळी येणार. लोक ट्रॅक खरोखर वापरतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. वापरत असतील तर काम मंजूर. नसतील तर पैसा दुसरीकडे.

"फक्त नेहमीसारखं चालायचं, सायकली चालवायच्या," रमेशभाऊ म्हणाले. "साहेबांनी बजावून सांगितलंय, माझ्यासाठी काही करू नका."

"सायेब लोक तसंच बोलतात हो," शकू म्हणाली. "पावना काय सांगतो, मना जेवायला वाढा? दारात आलेल्या मानसाला तसंच परत धाडायचं? आमच्या गावाची काय इज्जत हाय की नाय!"

रमेशभाऊ मूळचे संगमेश्वरचे, बँकेतून निवृत्त झालेले, भिडस्त गृहस्थ. त्यांनी तोंड उघडलं, पण शकूसमोर उघडलेलं तोंड परत कसं मिटायचं हे भल्याभल्यांना ठाऊक होतं. ते मिटलं.

मग काय विचारता! शकूने गाव पिंजून काढलं. तिचा भाचा विकी, त्याचा डेकोरेटरचा धंदा. त्याला मांडवाचं काम. शेजारच्या आळीचा बेसिल, त्याचा लग्नातला ब्रास बँड. त्याला स्वागताचं काम. टॉवरच्या बायकांकडे बटाटेवडे. शाल, श्रीफळ, फेटा शकूच्या स्वतःच्या देखरेखीखाली. शनिवारी तिने आल्बिनाला फोन लावला. "उद्या तू पन आलीच पायजे. सायबाला तुज्या तोंडाने सांग."

"कशी येऊ गो?" आल्बिना म्हणाली.

"कशी पन ये!" शकू म्हणाली आणि फोन ठेवून फेटेवाल्याच्या मागे धावली. डोक्यात नुसता रविवार घुमत होता.

रविवारी खासनीस साहेब गाडीतून उतरले आणि बेसिलच्या बँडने असा काही दणका दिला, की खाडीवरचे बगळे उडून पार भाईंदरकडे गेले. बांधावर सपाट जागा म्हणाल तर तेवढी ट्रॅकचीच, त्यामुळे मांडव ट्रॅकवरच, उघाडीला लागून घातला होता. या काठापासून त्या काठापर्यंत, मुंगीला जायला वाट नाही. सायकलच्या पट्ट्यावर व्यासपीठ, वर लाल गालिचा. चालायच्या पट्ट्यावर खुर्च्या, आणि खुर्च्यांवर सगळं गाव. रोज न चुकता चालणारी टॉवरची मंडळीसुद्धा पांढरे बूट घालून पहिल्या रांगेत वड्यांची वाट बघत बसली होती. मुलांच्या सायकली विकीने मांडवाच्या खांबांना बांधून टाकल्या होत्या, मध्ये मध्ये लुडबुड नको म्हणून.

साहेब बिचारे फेटा सावरत खुर्चीवरून मान वळवून इकडेतिकडे बघत होते. "चालणारे लोक कुठे आहेत?" त्यांनी रमेशभाऊंना हळूच विचारलं.

"हे काय, सगळे आलेत!" रमेशभाऊंनी खुर्च्यांकडे हात केला आणि स्वतःच्याच हाताकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

भाषणं झाली. एकाचं संपेना म्हणून दुसऱ्याने माईक ओढला. शेवटी साहेब उभे राहिले. मनाने सज्जन माणूस, गावाचा उत्साह पाहून त्यांना भरून आलं होतं. "मंडळी," ते म्हणाले, "मला आज तुमची खरी गरज कळली. इथे चालायला कोणी येत नाही, पण जमायला अख्खं गाव येतं. मी वर कळवतो, ट्रॅक वाढवण्यापेक्षा याच जागेवर एक छानसं समाजमंदिर बांधा!"

आणि काय सांगू, टाळ्यांचा कडकडाट झाला! विकीने तर उभं राहून वाजवल्या. त्याला डोळ्यांसमोर बारमाही लग्नं दिसू लागली. टॉवरच्या बायका म्हणाल्या, हळदीकुंकवाला बरं होईल. बेसिलने उत्साहाच्या भरात बँडला इशारासुद्धा केला.

शाल हातात धरून शकू व्यासपीठावर खिळून उभी राहिली. समाजमंदिर! म्हणजे होता तो ट्रॅकही जाणार, आणि वर भिंत उभी राहणार. आणि हे सगळं कुणाच्या हौसेने? तिच्याच. मांडव तिचा, फेटा तिचा, बँड तिचा. "मेल्यांनो, टाल्या कसल्या वाजवता!" ती माईकवर ओरडली, पण माईक तोवर बंद झाला होता. तिला एवढं रडू आलं की लाज वाटून तिने तोंड खाडीकडे फिरवलं.

आणि तिला दिसलं. उघाडीच्या पलीकडे, फुटक्या बांधाच्या मधोमध, चिखलात मांड्यांपर्यंत रुतलेली एक बाई एका हाताने डोक्यावरचं टोपलं सावरत होती आणि दुसऱ्या हाताने काठी हलवत होती.

"आल्बिना!" शकूने असा टाहो फोडला, की बँड आपोआप थांबला. "अगो बाय, ही तर खरंच आयली! पानी भरतंय, धावा रे!"

भरती लागली होती. सगळं गाव उठलं, पण जाणार कुठून? मांडवाने वाट अडवलेली. खुर्च्या उडाल्या, कनात फाटली, पहिल्या रांगेतले पांढरे बूट एकमेकांवर पडले. शकू सगळ्यांच्या पुढे धावली आणि उघाडीपलीकडे तिने पाय टाकला तो रुतलाच. तेव्हा बेसिल ओरडला, "फळ्या काढा! स्टेजच्या फळ्या!"

"माझ्या फळ्या!" विकीने छातीवर हात मारला, पण तोवर व्यासपीठ सुटायला लागलं होतं. हातोहात फळ्या उघाडीकडे निघाल्या. गावातल्या म्हाताऱ्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. पूर्वी चिखलाच्या पाट्या द्यायचे तसे ते ओळीने उभे राहून फळी पुढे देऊ लागले. रमेशभाऊंनी गालिचाचं एक टोक धरलं, दुसरं टोक फेट्यासकट खासनीस साहेबांनी. चिखलावर फळ्या, फळ्यांवर लाल गालिचा, आणि त्यावरून बेसिल आणि विकीने आल्बिनाला ओढून बाहेर काढलं.

शकूने तिला मिठी मारली आणि लगेच पाठीत धपाटा घातला. "अक्कल हाय का तुला? या चिखलात उतरतात?"

"तूच बोललीस न, कशी पन ये!" आल्बिना धापा टाकत म्हणाली. "आनि अंडी बघ आधी. सायबाला आनलीत."

शकूला स्वतःचा इतका राग आला आणि आल्बिनाची इतकी माया आली, की ती भर गावादेखत भोकाड पसरून रडली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "सायेब, मना समाजमंदिर नको. ही माजी मैत्रीन. आमी दोघी म्हातार्‍या झालो. हिच्याकडे जायला वाट पायजे, बाकी काय नको."

साहेब काही बोलायच्या आत पलीकडून गलका ऐकू आला. आरडाओरडा ऐकून पलीकडचं गाव बांधावर जमलं होतं आणि आपल्या बाजूने फळ्या-ओंडके टाकून, उरलेला चिखल सांधून या बाजूला यायला लागलं होतं. लुसी मावशी आली, कडेवर नात घेऊन. दोघं जण सायकल हातात धरून आले. इकडचेही तिकडे निघाले. कुणाची आत्या दिली होती तिथे, कुणाचा शाळेतला दोस्त. अरुंद फळीवर "सरका, सरका" असा घोष चालला होता. साहेबांचा एक बूट चिखलात गेला होता. ते एका पायावर उभे राहून बघत राहिले आणि शेवटी रमेशभाऊंना म्हणाले, "आता दिसले चालणारे."

त्यांनी वर कळवलं ते ट्रॅकचंच. कागद इकडून तिकडे फिरायला वेळ लागला, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत ट्रॅक पलीकडच्या गावाच्या वेशीला भिडला.

तो खुला झाला त्या सकाळी इकडून शकू निघाली, तिकडून आल्बिना. बरोब्बर मधोमध दोघी भेटल्या आणि तिथेच, ट्रॅकवर, फतकल मारून बसल्या. आल्बिनाने सुकटीची चटणी काढली, शकूने भाकरी. टॉवरची मंडळी वळसा घालून जाऊ लागली, सायकलवाले घंट्या वाजवू लागले. शेवटी पांढऱ्या बुटातला एक गृहस्थ वैतागून थांबला.

"आजी, हा ट्रॅक चालायला केलाय!"

"मंग?" शकू म्हणाली. "चालूनच आलो न इथवर."

आणि तिने आल्बिनाच्या हातावर भाकरीचा चतकोर ठेवला.