मागच्या सीटची थरथर

मी रामरावांची डिझेल गाडी बोलतेय. रंगानं पांढरी होते, आता मातकट झालेय. स्वभावानं मात्र पहिल्यापासून भित्री. आधी वणीला एका कोळशाच्या ठेकेदाराकडे होते, तिथं डंपरांच्या गर्दीत जीव मुठीत धरून दिवस काढले. मग रामरावांनी मला त्यांच्या गावी आणलं. पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला. वाटलं, सुटले एकदाची.

पण गावात चारचाकी अशी मी एकटीच. त्यामुळे नवरदेव माझ्यात, कापसाची गाठोडी माझ्यात आणि आजारी माणूसही माझ्यातच. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि माणसं दिवसदिवस पाठीवर पंप घेऊन फवारत राहिली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याएवढी वाढलेली, सगळं औषध तोंडावर यायचं. हो, आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. मग दुपारी कोणीतरी धावत यायचं, कोणाला तरी माझ्या मागच्या सीटवर आडवं करायचं आणि रामराव मला दवाखान्याकडे पिटाळायचे. त्या माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असायच्या, तोंडातून लाळ, हातपाय थरथरणारे. मला एकच धास्ती असायची. असा माणूस मागे असताना मी बंद पडले तर?

आणि दसऱ्यानंतर मीच थरथरायला लागले.

खंडेनवमीला विमलताईंनी, म्हणजे रामरावांच्या बायकोनं, वखर, विळे, फवारणीचे पंप सगळं धुऊन अंगणात पूजेला मांडलं होतं. मला झेंडूचा हार घातला. औषधाचे रिकामे झालेले निळे कॅनही राखेनं घासले आणि त्यांनाही हळदीकुंकू लावलं. एवढा जाडजूड कॅन फेकणं त्यांच्या जिवावर येतं. आमच्या भागात तो कोणीच फेकत नाही. पेट्रोलपंप लांब, म्हणून त्यातला एक रामरावांनी माझं डिझेल आणायला घेतला.

मग काही दिवसांतच हे सुरू झालं. उभी असले की सगळं अंग हलायचं. काचा वाजायच्या, आरशात रामरावांना स्वतःचे दोन चेहरे दिसायचे. वेग घेतला की कमी व्हायचं, थांबले की पुन्हा तेच. त्याच आठवड्यात मारोतीला यवतमाळला न्यावं लागलं. मारोती रामरावांच्या वावरात कामाला. तो तर फवारतही नव्हता, नुसता कापूस वेचत होता, तरी कसा थरथरत होता! वाटेत एका ट्रकमागे थांबले आणि बंद पडता पडता राहिले. मारोती वाचला, अजून दवाखान्यात आहे. माझा मात्र स्वतःवरचा भरवसा उडाला. पुढच्या खेपेला मी पोचेन की नाही, हे मला खरंच सांगता येईना.

म्हणून आज सकाळी रामरावांनी मला पांढरकवड्याला अब्दुल गनींच्या गॅरेजात आणलं. अब्दुल गनी म्हणजे हायवेवरच्या ट्रकवाल्यांचे जुने मिस्त्री. बोलणं कमी, विडी जास्त. आधी त्यांचा संशय इंजिनाखालच्या रबरांवर गेला. फाउंडेशन बसलं म्हणाले. रबरं बदलली, मी तशीच हलत राहिले. मग त्यांनी बारीक पाना घेतला.

माझ्या चार सिलिंडरांना डिझेल नेणाऱ्या चार नळ्या आहेत. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट सैल करतात. सिलिंडर जिवंत असेल तर इंजिन लगेच अडखळतं. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला. त्यांनी पहिली नळी सैल केली, मी गुदमरले. दुसरी सैल केली, पुन्हा गुदमरले. तिसरी सैल केली आणि काहीच झालं नाही. मला वाटलं, संपलं. आता इंजिन उतरवतील आणि मला भंगारात घालतील.

पण त्यांनी डिझेलचा फिल्टर उघडला आणि बशीत ओतला. डिझेलच्या खाली दुधासारखं पांढरं पाणी होतं. अब्दुल गनींनी वास घेतला आणि बशी एकदम लांब धरली.

"रामरावभाऊ, डिझेल कायच्यात आणून राह्यले तुम्ही?"

रामरावांनी डिकीतला निळा कॅन काढून दिला. अब्दुल गनींनी तो उलटा करून जोरात हलवला. त्याच्या पोकळ मुठीतून पांढरे थेंब गळले. घासणाऱ्याचा हात तिथवर पोचतच नाही.

"असे डबे घरी अजून कायले वापरता?"

रामरावांनी कॅन त्यांच्या हातून घेतला. मग म्हणाले, "वावरात प्याचं पाणी नेते बायको."

मारोतीला काय झालं होतं, ते मला आणि रामरावांना त्याच क्षणी कळलं.

रामरावांनी वावरात गेलेल्या विमलताईंना फोन लावला. वावरात रेंज नाही, आणि वेचणीच्या दिवसांत गावात असतं कोण? अब्दुल गनींनी आपल्या मोटरसायकलची किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि ते सुटले. इकडे अब्दुल गनींनी माझी टाकी रिकामी केली, फिल्टर नवा घातला, तुंबलेलं नोझल साफ केलं. विडी पेटवायचंही त्यांना सुचलं नाही. मग स्वतःच चालवायला बसले.

आम्ही वावराशी पोचलो तेव्हा पाण्याचा कॅन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, लवंडलेला होता. वेचणाऱ्या बाया एका बाजूला उभ्या होत्या. त्या जेवणाच्या वेळी पाणी पिणार होत्या, त्या वाचल्या. विमलताईंना मात्र सकाळपासून तहान लागत होती.

आत्ता मी यवतमाळच्या रस्त्यावर आहे. रामराव मागे विमलताईंचं डोकं मांडीवर घेऊन बसलेत. त्यांच्याशी सारखं बोलतायत, उत्तर येत नाहीये. माझे चारही सिलिंडर चालू आहेत, इंजिन जराही हलत नाही.

अब्दुल गनींनी मान न वळवता विचारलं, "गाडी अजून हालून राह्यली का, भाऊ?"

"गाडी नाही," रामराव म्हणाले.

मी आता बंद पडणार नाही. पुढे जे कोणी चाललेत, त्यांनी फक्त रस्ता द्यावा.