कोटाचे दुसरे बटण

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरकोट आहे. एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकी माझ्या आयुष्यात खरे किती आणि खोटे किती, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. मी पोलिसांत होतो. मी डॉक्टर होतो. मी न्यायाधीश होऊन एका माणसाला फाशी सुनावली. एकदा तर गोळी लागून मी पुलावरून नदीत पडलो, मला दोरीवर वाळत घातले, आणि मी सुकतो न सुकतो तोच त्याच पुलावरून मुलीच्या लग्नाला निघालो. तुम्हीच सांगा, डोके ठिकाणावर राहील का?

माझा जन्म पॅरिसमधल्या बेलव्हिलच्या चढावर, एका पोलिश शिंप्याच्या दुकानात झाला. करडे, जाड लोकरीचे कापड, रुंद कॉलर आणि समोर शिंगाची चार मोठी बटणे. ज्या वकिलाने मला शिवायला टाकले होते, तो मला न्यायला फिरकलाच नाही. मी खिळ्याला लटकून दाराकडे बघत राहिलो. मग एका हिवाळ्यात ओक्ताव्ह पेरिनो आत आला. लांब चेहरा, पडलेले खांदे आणि आपण इथे कशाला आलो तेच विसरल्यासारखी नजर. चित्रपटांत लहानसहान कामे करणारा नट होता तो. शिंप्याने मला त्याच्या अंगावर चढवले आणि दोन पावले मागे सरकून तो म्हणाला, "अरेच्चा! आत्ता आला होता तो नट कुठे गेला? आणि हे कमिशनर साहेब कधी आले?"

ओक्ताव्हने आरशात पाहिले. त्याचे खांदे वर आले, मान ताठ झाली. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांचे झालो.

त्या काळी नायक-नायिकांचे कपडे कंपनी शिवून घेत असे. लहान कामे करणाऱ्यांनी मात्र आपापले कपडे अंगावर घालूनच यायचे, अशी रीत होती. सकाळी हे सगळे नट स्टुडिओजवळच्या कॅफेत एकेक कप कॉफी पुरवून पुरवून पीत बसत. मग स्टुडिओचा माणूस दारातूनच ओरडे, "एक इन्स्पेक्टर पाहिजे! चांगला कोट कोणाकडे आहे?" मी उठायचो. मी उठलो की ओक्ताव्हलाही उठावे लागे.

त्याच्या वाट्याला येणारी वाक्ये मला पाठ झाली होती. "गाडी तयार आहे, साहेब." "बाई, धीर धरा." "प्रेत सापडलं." एवढे बोलून तो मागे वळे आणि दार लावून घेई. पण मला या कामातले काही म्हणजे काही कळत नसे. सकाळी ज्याच्या हातात त्याने बेड्या घातल्या, दुपारी त्याच्याच ताटातले चीज हा उचलून खाई. कथेचा शेवट आधी, सुरुवात नंतर. आधी मरण, मग आजारपण, आणि मग कुठे डॉक्टरला बोलावणे! पहिल्यांदा त्याला गोळी लागली तेव्हा मी शोकाने जमिनीला चिकटून राहिलो. तेवढ्यात कोणीतरी "कट!" असे ओरडले, आणि ओक्ताव्ह उठून मला झटकू लागला. तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. कट म्हटले की माणूस उठतो.

घरी त्याची बायको होती, सोलांज. टोप्यांच्या दुकानात ती शिवणकाम करायची. ती खरी होती की तिलाही कोणी काम म्हणून दिले होते, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. पण ती रविवारी मोहरी घालून ससा शिजवी आणि तिला कोणी कट म्हणत नसे, म्हणून मी तिला खरी मानली.

ओक्ताव्हचा नवा चित्रपट आमच्या चढावरच्या थिएटरात लागला की सोलांज अख्ख्या इमारतीला घेऊन निघे. सर्वांत पुढे आमच्या इमारतीच्या दाराची राखण करणारी मादाम ब्लॉन्देल.

"कुठाय हो तुमचा माणूस?" मादाम ब्लॉन्देल भर अंधारात विचारी.

"तो काय! दार लावतोय."

"मला नुसता हात दिसला."

"मग? त्याचाच आहे तो हात. शंभर हातांत ओळखीन मी."

"हाताला तिकीट काढून बघायला आलो होय आम्ही!"

एकदा मात्र फारच वाईट झाले. ओक्ताव्हने एका डॉक्टरचे लांबलचक भाषण म्हटले होते, सोलांजने साऱ्या इमारतीत ते सांगून ठेवले होते, आणि चित्रपटात तो आलाच नाही. त्याचे सगळे काम संकलकाच्या कात्रीखाली गेले होते. शिंप्याच्या दुकानात मी कात्री पाहिली होती. ती कापते ते काहीतरी शिवण्यासाठी. ही कसली कात्री, हे मला समजेना. घरी आल्यावर सूप पुढ्यात निवत राहिले आणि ओक्ताव्ह म्हणाला, "एकदाच गं, सोलांज. एकदाच माझा चेहरा तुला पुरता दिसावा. मध्ये कात्री न येता. मग दारं लावायला मी आहेच जन्मभर."

मित्रांनो, माझे अस्तर त्या वेळी आतून ओले झाले होते. ते सूप सांडल्यामुळे नव्हे.

बरीच वर्षे गेली आणि मोर्तिये नावाच्या दिग्दर्शकाने त्याला बोलावणे धाडले. "पेरिनो, इतकी वर्षं सगळ्यांनी तुमची पाठच बघितली," तो म्हणाला. "मी तुम्हाला पुढून घेणार आहे." काम एका बापाचे होते. तो मुलीच्या दारी जातो, जावई त्याची कॉलर धरून त्याला पायऱ्यांवरून ढकलतो, झटापटीत कोटाचे दुसरे बटण तुटून घरंगळत जाते. मग बाप समोरच्या कॅफेत बसतो आणि एका अनोळखी वेटरला आपल्या मुलीबद्दल सांगत राहतो. ते बोलणे चांगले लांब होते आणि सबंध वेळ कॅमेरा त्याच्याच तोंडावर असणार होता.

पायऱ्यांचा भाग शनिवारी झाला. बटण ठरल्याप्रमाणे तुटले. ओक्ताव्हने ते उचलून माझ्या खिशात टाकले. सेटवर जेर्मेन नावाची बाई होती. एका दिवशी जे जसे होते ते दुसऱ्या दिवशीही तसेच दिसावे, हे पाहणे तिचे काम. सिगारेट किती जळाली होती, केसांचा भांग कुठल्या बाजूला होता, सगळे तिच्या ध्यानात. ती बजावून म्हणाली, "सोमवारी बटण नको हं, पेरिनो. मफलर आहे तसाच राहू दे."

"हो, हो," तो म्हणाला. पण त्याच्या ओठांवर वेटरशी बोलायची वाक्ये होती. त्याने ऐकले असेल असे मला वाटत नाही.

रविवारी तो खोलीत येरझाऱ्या घालत वाक्ये घोकत होता. सोलांजने मला मांडीवर घेतले आणि कपाळाला हात लावला. "उद्या एवढं मोठं काम, आणि माझ्या माणसाच्या छातीवर बटण नाही! लोक काय म्हणतील, घरी बायको आहे की नाही?" खिशात बटण सापडले. तिने दुहेरी दोरा ओवला, बटण घट्ट टाके घालून लावले आणि दोरा दातांनी तोडला. मला फार बरे वाटले. हे चुकीचे असेल असे मला स्वप्नातही वाटले नाही. बटण लावणे चूक कसे असेल?

सोमवारी मफलर बटणावर लोंबत होता, म्हणून जेर्मेनलाही काही दिसले नाही. दिवे लागले. ओक्ताव्ह वेटरशी बोलू लागला. मुलगी लहान असताना याच कोटाच्या आत शिरून कशी निजायची, ते त्याने सांगितले. खरे सांगतो, माझ्या आत कधी कोणी मूल निजले नव्हते. ओक्ताव्ह आणि सोलांजला मूलच झाले नाही. तरी ते ऐकताना मला ती मुलगी आठवू लागली, तिचे पाय माझ्या खिशापर्यंत यायचे तेही आठवले. बोलण्याच्या भरात ओक्ताव्हने मफलर ओढून काढला. दिव्यांजवळ पत्ते कुटत बसणाऱ्या कामगारांनी हातातली पाने खाली ठेवली होती. मोर्तिये साहेब कट म्हणायलाच विसरले.

मग जेर्मेन अगदी हळू म्हणाली, "साहेब, बटण."

सगळ्यांनी माझ्या छातीकडे पाहिले. शनिवारी पायऱ्यांवरून घरंगळत गेलेले बटण सोमवारी ऐटीत जागेवर बसले होते.

"हा शहाणपणा कोणी केला?" मोर्तिये गरजला.

"मीच लावलं," ओक्ताव्ह म्हणाला. "सवयीने."

मी थक्क झालो. त्याला साधी सुई ओवता येत नव्हती.

बटण कापून काढले आणि पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा, आणि आणखी पुन्हा. वाक्ये तीच होती, पण आता तो बाप वाटत नव्हता, पाठांतर म्हणणारा विद्यार्थी वाटत होता. "बघू, काय जमतंय ते," एवढे म्हणून मोर्तिये निघून गेला. त्या "बघू"चा अर्थ ओक्ताव्हला ठाऊक होता. त्या "बघू"च्या मागे कात्री असते.

सगळे गेल्यावर तो कोपऱ्यात मला घेऊन बसला आणि बटण लावायला म्हणून सुई ओवायची धडपड करू लागला. जेर्मेन दिसताच ओशाळला. "बटण नसलेलं दिसलं तर सोलांज विचारील," तो म्हणाला. "तिने हौसेने लावलं होतं हो. तिच्या हातून माझं काम बिघडलं, हे तिला कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल." जेर्मेनने त्याच्या हातातून सुई घेतली. सोलांजने घातला होता तसाच तिने दुहेरी दोऱ्याचा टाका घातला आणि दोरा कात्रीने कापला.

घरी सोलांजने मला खुंटीवर टांगताना बटणावरून बोट फिरवले. मग मला उलटे करून बटणाची मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. त्या रात्रीचे सूप खारट झाले. का, ते मला कळले नाही.

चित्रपट लागला तेव्हा कडाक्याची थंडी होती, म्हणून मीही गेलो. पडद्यावर मी होतो आणि खुर्चीतही मीच होतो. ओक्ताव्हने खिशात हात घालून माझे अस्तर मुठीत धरले होते. पायऱ्या आल्या, बटण तुटले, घरंगळले. आता कात्री, असे मी मनाशी म्हटले. आणि समोर आला ओक्ताव्हचा चेहरा, अख्ख्या पडद्याएवढा. तो बोलू लागला, मुलगी कोटात शिरली, त्याने मफलर ओढला, आणि छातीवर दुसरे बटण लखलखले! सोमवारी पहिल्यांदा केलेले कामच ठेवले होते! तुटलेले बटण जागेवर कसे आले, असे कोणी विचारले नाही. मादाम ब्लॉन्देल हुंदके देऊन रडत होती. फक्त सोलांज मोठ्याने म्हणाली, "ते बटण बघितलंत? मी लावलेलं आहे ते!" मग तिने खुर्चीतल्या माझ्या छातीकडे वळून पाहिले. तिचे हे पाहणे माझ्या डोक्यावरून गेले.

पुढे दिवस पालटले. नवे दिग्दर्शक रस्त्यावरच्या पोरांना घेऊन चित्रपट काढू लागले, आणि त्या पोरांना ओव्हरकोट नको होते. मी ट्रंकेत गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. एका कसरीने माझी डावी बाही कुरतडली. नंतर एका हिवाळ्यात सोलांजने मला बाहेर काढून खुंटीवर टांगले, ओक्ताव्हला इस्पितळात नेले, आणि ती एकटीच परत आली. लोक काळे कपडे घालून येऊ लागले. मला काही ते खरे वाटले नाही. चित्रपटात तो मरायचा तो मला अंगावर घालून. या वेळी तर मी घरीच होतो.

भेटायला आलेल्यांत जेर्मेन होती, पिकल्या केसांची. कॉफी पिता पिता तिची नजर माझ्यावर गेली. "अजून घट्ट आहे की बटण," ती म्हणाली. "मीच लावलं होतं ते."

सोलांजने कप खाली ठेवला. "तुम्ही? ती बाई तुम्ही होतात?"

"कुठली बाई?"

"अहो, मी दोरा दातांनी तोडते! हा कात्रीने कापलेला आहे. नवऱ्याच्या छातीवर परकीचा टाका आलाय, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रपटातल्या प्रत्येक बाईकडे मी वाकड्या नजरेने बघतेय! नर्सकडे, राणीकडे, त्या म्हाताऱ्या जोगिणीकडेसुद्धा!"

जेर्मेनने मग सगळे सांगितले. शनिवारचे, सोमवारचे, कोपऱ्यातल्या सुईचे. "आणि पहिलंच काम ठेवा, म्हणून संकलकाकडे मी जाऊन बसले. मोर्तिये साहेब म्हणाले, 'अहो, बटण दिसतंय.' मी म्हटलं, 'ज्याचं लक्ष बटणाकडे जाईल, त्याने खुशाल हसावं.' चुका पकडण्यातच माझा जन्म गेला, बाई. ती एकच मी जाऊ दिली."

सोलांज हसू लागली. हसता हसता तिने माझी बाही डोळ्यांना लावली, आणि मग ते हसणे राहिले नाही. "गाढवा," ती म्हणाली, "सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मला म्हणाली की त्याला, हे मला समजले नाही. तिने बटणावरून पुन्हा बोट फिरवले. ते काढून स्वतः लावील असे मला वाटले होते. तिने ते तसेच राहू दिले.

तर मित्रांनो, कोटांची काळजी घ्या, त्यांना ऊन दाखवा. कोणाचे बटण तुटलेले दिसले तर लावा, आणि तुमचे दुसऱ्या कोणी लावले तर घरी सांगून टाका. याहून जास्त शहाणपण माझ्याजवळ नाही. ओक्ताव्हचे म्हणाल तर तो कुठेतरी पडून आहे आणि मोर्तिये साहेबांसारखे कोणीतरी कट म्हणायला विसरले आहे, असेच मी धरून चालतो. आठवेल कधीतरी. मग तो उठेल, आणि मला झटकायला लागेल. म्हणून मी दाराकडे तोंड करून खांदे ताठ ठेवले आहेत, आणि चारही बटणे त्याने ठेवली होती तशीच जागेवर आहेत.