वरचं काही नाही

चंद्रपुरात खाणीच्या अंगाला असलेल्या त्या झोपडपट्टीत 'वरचं' या शब्दाला दोन अर्थ होते. साहेब लोक खातात ते एक, आणि आईच्या दुधाशिवाय तान्ह्या लेकराच्या तोंडात जातं ते दुसरं. पहिल्यानं कोणी मेल्याचं ऐकिवात नाही. दुसऱ्यानं रीनाचं पहिलं पोर गेलं होतं, बाटलीतल्या पाण्यानं हगवण लागून.

म्हणून या खेपेला, मंगलीच्या वेळी, तिनं सासूलाही जुमानलं नाही. भागीरथाबाई उन्हाळाभर कुरकुरल्या, "घोटभर पाण्यानं काय होते वो? लेकरू सुकून राह्यलं!" रीना पोरीला छातीशी धरून पाठ फिरवायची. "वरचं नाई म्हंजे नाई."

ही ख्याती वस्तीतल्या महिला मंडळापर्यंत गेली. स्तनपान सप्ताहात समाजमंदिराच्या मंचावर बसायचा मान रीनाला मिळाला. मंडळाच्या सत्यशीलाबाईंनी सकाळीच बजावलं, "आता पाजू नको बरं. पोरगी भुकेली पायजे. पाहुण्या मॅडमसमोर कशी पटकन लागली पायजे. फोटो आहे."

"मॅडम कवा येतीन?"

"निघाल्या."

निघालेल्या मॅडम दुपार कलल्यावर पोचल्या. तोवर मंगलीचा रडून घसा बसला होता आणि रीनाचं पोलकं दुधानं चिंब झालं होतं. ती पाजायला उठली की कोणीतरी खांदा दाबून बसवायचं. मानाची खुर्ची अशी सोडत नसतात.

मॅडमनी माइक हाती घेतला. "सहा महिने पाण्याचा थेंबही नको!" मंगलीनं बसलेल्या घशानं साथ दिली. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. सत्यशीलाबाईंनी चपळाईनं पोर उचललं, पडद्यामागं नेलं आणि पाहुण्यांच्या सरबताच्या पिंपातलं चमचा-चमचा तिच्या तोंडात घातलं. रीना धावत पोचली, तेव्हा मंगली मिटक्या मारत होती.

"बाई, काऊन दिलं वो?"

"हळू बोल. भाषण सुरू आहे."

'थेंबही नको'ला टाळ्या पडल्या.

मग प्रात्यक्षिक झालं. पोट भरलेली मंगली छातीला लागेना, झोपून जाई. "दूध कमी दिसतं बिचारीला," मॅडम हळहळल्या, आणि फोटोसाठी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मंगलीला पाण्यासारखे जुलाब लागले. दवाखान्यात सलाइन लावायला शीर सापडेना. सत्यशीलाबाई लगबगीनं आल्या, सोबत त्या फोटोची फ्रेम. रीनाला बाजूला घेऊन डोळे वटारले.

"खरं सांग. वरचं काय दिलंस?"

"तुमीच त सरबत..."

"मंडळाचं नाव घेतेस? मानानं बसवलं ते चुकलंच म्हणायचं!"

भागीरथाबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हणतच होती, इच्या दुधातच काईतरी हाये. पहिलंबी असंच गेलं."

शेजारच्या खाटेवर कोणाचं तरी लेकरू भुकेनं टाहो फोडायला लागलं. रीनाचं पोलकं पुन्हा भिजलं.

मंगली रडत नव्हती.