खुशालरावांच्या नावावरची पावलं

पावलं मोजणारा मनगटी पट्टा आहे मी. पाय कोणाचे ते मला कळत नाही, असं लोक समजतात. कळतं. फक्त ते दाखवायला माझ्या काचेवर जागा नाही.

अकोल्यात राहणाऱ्या कुंदनने मला तिथेच घेतलं, वडिलांसाठी. त्याचे वडील खुशालराव अंजनगाव सुर्जीचे. विड्याच्या पानांचा मळा आहे त्यांचा. साखर फार वाढली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चाला, नाहीतर पायावर बेतेल." कुंदनने मला त्यांच्या हातात बांधलं आणि माझा आकडा आपल्या मोबाइलवर दिसेल अशी सोय केली.

दोन-तीन सकाळी खुशालराव चालले. मग पारावरून गावातल्या देवीदासने हाक मारली, "काहून जी, गाडी इकली का? पायी पायी हिंडून राहिले!"

पारावरचे सगळे हसले. खुशालरावही हसले, पण त्यांची नाडी माझ्याखाली होती, ती हसत नव्हती. कामाशिवाय रस्त्यानं चालणारा शेतकरी म्हणजे एकतर रिकामटेकडा नाहीतर बुडालेला, असं गाव समजतं.

घरी येऊन त्यांनी मला बायकोपुढे टाकलं. "तू तं दिवसभर हिंडतच रायते. तुयाच हातात घाल. पोरगं आकडा पायते, दुसरं काय!"

"मंग तुमच्या साखरेच्या गोयाबी मीच गिळू का?" सुंदराबाई म्हणाल्या. पण घातलं.

तेव्हा कुठे मला काम मिळालं. नळ, गोठा, चूल, मळ्यावर डबा, पानं खुडणं, पुन्हा गोठा. त्यांच्या बांगड्या दिवसभर माझ्यावर आपटत. रविवारी कुंदनचा फोन आला. "बाबा, लय भारी! अन् आई, तूबी जरा चालत जा. बसून बसून गुडघे धरतात."

सुंदराबाईंच्या काखेत वैरण होती. "हो रे बाबा," म्हणाल्या.

डॉक्टरांकडे जाताना मात्र मी खुशालरावांच्या हातात. कुंदनने अभिमानानं मोबाइल पुढे केला. डॉक्टर विचारात पडले. "एवढं चालूनही साखर उतरत नाही?" त्यांनी गोळ्या वाढवल्या. सुंदराबाई काही बोलणार होत्या. खुशालरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पोरासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली.

पानमळ्यात कोणी चप्पल घालून शिरत नाही. वेलीला देव मानतात. खुशालराव मोटारसायकलनं बांधापर्यंत जात आणि अनवाणी आत शिरत. साखरेनं तळवे बधिर झाले होते. बांबूची टोकदार काडी पायात घुसली, त्यांना समजलंही नाही. समजलं तेव्हा पाय सुजून काळानिळा झाला होता.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांना आत नेताना नर्सने अंगठी आणि मला काढून सुंदराबाईंच्या हाती दिलं. हरवू नये म्हणून त्यांनी मला मनगटात अडकवलं आणि धावपळ सुरू झाली. औषधाचं दुकान, रक्तपेढी, जिना, पुन्हा दुकान. दुपारी बाकावर बसलेल्या कुंदनचा मोबाइल वाजला. 'अभिनंदन! आजचं चालण्याचं लक्ष्य पूर्ण.'

आत त्याच्या बापाच्या पायाची बोटं कापत होते.

कुंदनने मान वर केली. समोर आई धापा टाकत उभी, हातात मी.

"आजचेच नाई," सुंदराबाई म्हणाल्या, "सारेच माये हायेत."

तो ओरडला, "आई, तू सांगतलं काहून नाई? तुह्यामुळं झालं हे!"

बापाला त्याने आजवर काही विचारलेलं नाही.

आता मी घरातल्या खिडकीत पडून आहे. खुशालराव काठी टेकत अंगणातल्या अंगणात चालतात, दार लावून. मळ्याचं कामही सुंदराबाईंवर आलं आहे. त्या आधीपेक्षा जास्त चालतात, ते आता कोणाच्याच नावावर लागत नाही.

माझी बॅटरी संपत आली आहे. त्याआधी एक सांगतो. आईबापांसाठी पट्टा घेणार असाल तर घ्या, पण महिन्यातून एकदा घरी जाऊन त्यांच्यासोबत चाला. कुंदन अकोल्याहून दोन तासांत येऊ शकला असता.