शिंग्रोबाच्या वरचं वळण

मेहबूबने चालत्या गाडीतून उडी मारली आणि मागच्या चाकाला दगड लावला. दगड आता ओळखीचा झाला होता. आठ दिवसांत तिसऱ्यांदा तोच दगड, तेच चाक आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या वरचं तेच वळण. खोपोलीहून लोणावळ्याला चढणारी हौशीराम शेठांची सर्व्हिस मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"उतरा मंडळी," ड्रायव्हर सोपान मागे वळून म्हणाला. "जरा पाय मोकळे करा."

"पाय मोकळे करायला मोटारीत बसलो व्हय आमी?" सुक्या बोंबलांची टोपली सावरत विठाबाई म्हणाली. पण उतरली. बाकीचेही उतरले आणि निमूट चढाला लागले.

मेहबूबने बॉनेट उघडून आत डोकं घातलं. सोपानने पुढची बैठक उचलली, तिच्याखालच्या टाकीचं टोपण फिरवून काढलं आणि आत काठी बुडवून पाहिली. पेट्रोल चिक्कार होतं. त्याने टोपण घट्ट लावलं, इंजिनावर ओला फडका टाकला, बिडी ओढली. मग हँडल मारलं, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मेहबूबचा जीव जळायचा तो यानेच. बया धड मोडतही नव्हती. मोडली असती तर दाखवायला काही तुकडा तरी हाती आला असता.

महिन्यापूर्वी त्याने या गाडीचं इंजिन उतरवलं होतं. लोणावळ्यात स्टेशनजवळच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुरं खोललेलं ते पहिलंच इंजिन. अठरा दिवस लागले. नव्या रिंगा, घासून बसवलेले व्हॉल्व्ह, साफ केलेली टाकी, बदललेल्या नळ्या. आधी ही गाडी काळा धूर ओकायची, तेल प्यायची, पण घाटात कधी थांबली नव्हती. आता धूर नाही, आवाज गोड, आणि चढ आला की उभी.

हौशीराम शेठ स्टँडवर वाट पाहत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"लोक म्हणत होते, पुण्याला पाठवा. मी म्हटलं, आपला मेहबूब आहे की. आता लोक माझ्याकडे बघून हसतात." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "रविवारपर्यंत बघ. सोमवारी गाडी पुण्याला जाईल. दुसरी मोटार घेतोय, तीही मग तिकडेच."

मेहबूबने मान हलवली. आपण जोडलेलं इंजिन पुण्याच्या कारखान्यात पुन्हा उघडलं गेलं, तर खंडाळ्यापासून वडगावपर्यंत कुणी चाकात हवा भरायलाही आपल्याकडे येणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाह्या वर केल्या. दुखणं कामानंतर आलंय, म्हणजे ते आपल्याच हातचं आहे, असं त्याने मनाशी धरलं, आणि जे जे आपण उघडलं होतं ते शेवटापासून उलट तपासत निघाला. कार्ब्युरेटर उघडला, चाळणी धुतली. प्लग बदलून पाहिले. मॅग्नेटो खोलला. टाकीपासूनची नळी सोडवून तोंडाने फुंकली, ती बासरीसारखी मोकळी होती. शुक्रवार गेला. त्याच्या बायकोने, नजमाने, जेवणाचा डबा दोनदा गरम करून आणला आणि दोनदा तसाच परत नेला.

"एक सांगू का?" सोपान म्हणाला. तो औंढ्याचा, कमी बोलणारा गडी. "टाकी काठोकाठ भरली की लवकर हुबी ऱ्हाती. अर्धी असली की लय लांब येती."

"उलटं कसं होईल, सोपानभाऊ? पेट्रोल कमी असलं तर अडेल, जास्त असलं तर कशाला अडेल?"

"ते मला न्हाई ठावं. हुतं तसं सांगितलं."

मेहबूबने खडूने शेडच्या दारावर लिहून ठेवलं: भरली टाकी, लवकर बंद. येता-जाता तो त्या ओळीकडे बघायचा. काही केल्या ती इतर कशाशी जुळत नव्हती.

शेडला लागूनच, त्याच पत्र्याखाली, त्याच्या बापाचं दुकान होतं. कादरचाचांनी चाळीस वर्षं टांग्यांचे साज शिवले: लगाम, खोगीर, पट्टे. स्टेशनवर मोटारी आल्या, टांगे तीनच उरले आणि चाचांचं दुकान थंड पडलं. पोरगा नेमका मोटारीच्याच कामात गेला म्हणून त्यांनी भांडण केलं नाही, पण मोटारीत कधी पाऊलही ठेवलं नाही. इंजिन उतरवलं होतं तेव्हा टाकीच्या टोपणातली बुचाची चकती हातात भुगा होऊन आली. मेहबूबने भीत भीत विचारलं, "अब्बा, चामड्याची एक करून द्याल?" संध्याकाळी पाहतो तर तेलात भिजवलेली चकती त्यांनी स्वतःच टोपणात ठोकून बसवली होती, टाके असे की नखसुद्धा शिरू नये. ते मेहबूबने नजमाला दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्याला इंजिनापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला होता.

रविवारी सकाळी मेहबूब आणि सोपानने उतारूंऐवजी वाळूची पोती गाडीत भरली. एक पोतं कमी पडलं. मेहबूब दुसरं शोधू लागला, तेवढ्यात अब्बा टोपी घालून दुकानाबाहेर आले.

"एका पोत्याची जागा मी भरतो," ते म्हणाले आणि पुढच्या बैठकीवर जाऊन बसले. नजमा दारात उभी राहून पाहतच राहिली.

घाट उतरताना अब्बांनी दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली होती. खोपोलीला टाकी काठोकाठ भरून गाडी वळवली. शिंग्रोबापाशी सोपानने हात जोडले. वळण आलं, गाडी दोनदा खोकली आणि थांबली.

मेहबूब दगड लावून बॉनेटखाली शिरला. अब्बा बैठकीवरून उठले, सोपानने ती उचलून टोपण फिरवलं.

"थांब," अब्बा म्हणाले. "हे काय वाजलं?"

"काय, चाचा?"

"टोपण काढलंस तेव्हा. तिनं श्वास घेतला."

"ती रोजच घेती."

मेहबूबने डोकं बाहेर काढलं. "रोज?"

"व्हय की. टोपण काढलं की फुस्स करती. त्यात काय सांगायचं?"

अब्बा गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले, जनावराच्या मानेवर ठेवावा तसा.

"चढावर उभी राहते. पोट भरलेलं असलं की लवकर. जरा मोकळं केलं की पुन्हा चालते. घोडं असतं तर मी पोटाखालचा पट्टा आधी सैल केला असता."

मेहबूब हातातला पाना तसाच धरून राहिला. पेट्रोल खाली जायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून ती लवकर अडते. दारावरची ओळ आता जुळली होती. टोपणाकडे मात्र त्याने मुद्दाम पाहिलं नाही.

"टोपण सैल ठेव, सोपानभाऊ. हाण."

गाडी वळण चढली, पुढची दोन वळणं चढली आणि न अडता खंडाळ्याला आली. सोपान हसायला लागला.

"एकदा चढली म्हणजे सापडलं असं नाही," मेहबूब म्हणाला. "परत खाली घे. आता घट्ट लावून चढव."

त्याच वळणावर गाडी पुन्हा उभी राहिली. या वेळी टोपण अब्बांनीच काढलं. श्वास ऐकला. मग त्यांनी ते पालथं करून पितळेवरच्या बारीक भोकावर अंगठा फिरवला, उलटं करून आतली आपली चकती पाहिली. अख्खी, दोन पदरी, कुठे फट नाही.

"हे भोक होतंच?"

"होतं. हवा आत यायला."

"मला वाटलं, खिळ्याबिळ्यानं पडलंय. सामानाला भोक पडलं की बुजवायचं, एवढंच मला ठाऊक. म्हणून दुसरा पदर घातला."

"मी बघायला हवं होतं, अब्बा. काम माझं होतं."

सोपान दरीकडे बघत बिडी शोधू लागला. मेहबूबला बापाचा राग आला नव्हता. त्याला भीती वाटत होती, की आता अब्बा टोपण खाली ठेवतील, चालत घाट चढून जातील आणि पुन्हा शेडच्या बाजूला फिरकणार नाहीत.

अब्बांनी कोटाच्या खिशातून चामडं टोचायची आरी काढली. टोपण दगडावर ठेवून चकतीच्या मधोमध टोक रोवलं, दोनदा फिरवलं, उजेडाला धरून भोकातून पाहिलं.

"लाव," ते म्हणाले. "घट्ट लाव."

घट्ट लावलेल्या टोपणाने गाडी लोणावळ्यापर्यंत कुठेही थांबली नाही. खात्री व्हावी म्हणून मेहबूबने वाळूसकट आणखी दोन खेपा करायला लावल्या. स्टँडवर आले तेव्हा ऊन कलू लागलं होतं आणि हौशीराम शेठ पान लावत बसले होते.

"तीन खेपा, शेठ. कुटंच न्हाई थांबली," सोपान म्हणाला.

"काय होतं मग?"

मेहबूबने बापाकडे न पाहता घसा साफ केला. "टाकीत हवा जात नव्हती. माझ्या हातून जरा..."

"त्याच्या हातून नाही," अब्बा गाडीतून उतरत म्हणाले. "चकती मी केलेली. भोक मीच बुजवलं होतं. गॅरेजातलं चामड्याचं काम माझ्याकडे असतं."

मेहबूबने वळून पाहिलं. असं काही असतं, हे तो आत्ताच ऐकत होता.

हौशीराम शेठांनी पान तोंडात टाकलं. दोघांकडे एकदा बघून घेतलं.

"बुधवारी दुसरी मोटार येतेय," ते म्हणाले. "शेडमध्ये लावून घ्या. इकडचं भोक तिकडं करू नका म्हणजे झालं."

घराकडे जाताना अब्बा पुढे आणि मेहबूब हत्यारांची पिशवी घेऊन मागे होता. दुकानापाशी अब्बा थांबले, कडी काढून आत गेले. चामड्याचे तुकडे खालीवर केल्याचा आवाज आला.

"त्या दुसरीच्या टोपणाचं माप आणून दे," ते आतूनच म्हणाले. "भोकाचंसुद्धा."