कलत्या खांद्यांची मापं

“जावईबापू, ‘डिस्क सापडत नाही’ म्हणजे काय? गेली कुठे? सकाळपासून त्या पेटीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही!”

सासूबाईंचा आवाज चढला, की समोरचा निम्मा गार व्हायचा. जावई मात्र टेबलाखाली पालथा पडून कॉम्प्युटरच्या वायरी चाचपत होता. नवी सिस्टीम टाकायला बसलेला, आणि पडद्यावर डिस्कच्या यादीत चक्क भोपळा!

बाई शिवणकाम करत, पण सरळ अंगाचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे क्वचितच फिरके. पाठीला बाक असलेले, एक हात आखूड असलेले, खांदा कललेले असे लोक यायचे आणि बाईंच्या हातचा कपडा घालून ताठ मानेने जायचे. त्यांचे कागदी साचे उंदरांनी कुरतडले, तेव्हा लेकीने मागे लागून सगळी मापं कॉम्प्युटरवर चढवली. त्याच लेकीने पुढे या दुरुस्तीवाल्याशी लग्न केलं. “स्क्रू फिरवतो,” एवढीच त्याची ओळख बाई नातेवाइकांना करून देत. बाईंना माणूस बोलका लागायचा, आणि हा पडला मुखदुर्बळ.

जावयाने केबल बदलली. यादीत डिस्क उमटली खरी, पण सिस्टीम तिच्यावर चढायला तयार नव्हती. ‘आधी सगळं पुसा’ म्हणून अडून बसली.

“मग पुसा की! एवढा काय विचार करताय?”

“आई, त्यात तुमची मापं आहेत.”

बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या. पाठीला बाक असलेल्या एका मुलीचा कोट परवा द्यायचा होता. तिची नोकरीची मुलाखत होती. आणि ती काय एकटी? सगळी माणसंच त्या पेटीत होती.

“अगबाई! माझ्या जिभेला काही हाड आहे का! तुम्ही दाबलं नाहीत ना?”

“नाही हो.”

त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. ती करकरायची, मध्येच रुसायची. रुसली की हा थांबे, तिला गार होऊ देई, पुन्हा जोडे. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात गेला, पण पठ्ठ्या एकदाही वैतागला नाही. असला चिवट माणूस आपल्या लेकीच्या वाट्याला आलाय, हे बाईंना शेजारी बसल्या बसल्या कळलं आणि त्यांना भरून आलं.

संध्याकाळी मुलीचा कोट पडद्यावर उघडला, पाठीच्या बाकासकट. बाईंनी हात जोडले.

“एक राहिलं, आई,” तो मान खाली घालून म्हणाला. “बाबांच्या पँटचं. खूप प्रयत्न केला. डिस्कचा तेवढा भाग खराबच झालाय.”

यजमानांचा एक पाय आखूड होता. बाईंनी शिकलेलं पहिलं वाकडं माप तेच. आता ती पँट घालायला ते उरले नव्हते.

बाईंनी कागद ओढला, पेन्सिल घेतली. टेपला हातही न लावता कंबर, मांडी, डावा पाय, उजवा पाय अशा रेघा सरसर ओढत गेल्या. पेन्सिल कुठेही अडली नाही.

“ह्यांचं माप जाणार कुठे, बाळा?” त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. “बाकीच्यांची तू राखलीस. फार उपकार झाले तुझे.”

जावयाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला.